भादव्याच्या अखेरीपासून कार्तिकापर्यंत: गच्चीवरची बाग, कासचं पठार आणि तिरपं होत जाणारं ऊन

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी गच्चीवर आणि दक्षिणेकडच्या बाल्कनीत तीस-चाळीस कुंड्या आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरात कास आणि पुढे सह्याद्रीत दोन-तीन सहली ठरल्या आहेत. जवळ साध्या डीएसएलआरबरोबर आलेल्या १८-५५ आणि ५५-२५० मिलिमीटरच्या दोन लेन्स आहेत (आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं दूरचं जवळ), शिवाय मोबाइल. झेंडू फोटोत सपाट भगवा डाग होतो, हिरवं अंगावर येतं, आणि पठारावर डोळ्यांना दिसलेला फुलांचा गालिचा फोटोत विरळ दिसतो. नवी लेन्स घ्यावी का?

लेन्सचं शेवटी बघू. वर सांगितलेल्या तीनही तक्रारींचं मूळ लेन्समध्ये नाही.

आपल्याकडचा शरद पानांच्या रंगात शोधायला गेलं की निराशा होते. आपली पानगळ माघ-फाल्गुनातली. भाद्रपद ते कार्तिक या काळात तीन गोष्टी बदलतात: सूर्य दक्षिणेकडे सरकून खाली येतो, हवेतला ओलावा ओसरतो, आणि गवत हिरव्यातून पिवळ्या-तांबूस रंगाकडे जातं. फोटो या तिघांचा घ्यायचा आहे, फूल हे निमित्त.

उन्हाचा हिशेब

पुण्याच्या अक्षांशावर २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ७१ अंशांवर असतो. ऑक्टोबरच्या मध्यावर तो ६३ अंशांवर येतो आणि नोव्हेंबरच्या मध्यावर ५३ वर. मे महिन्यात डोक्यावर असलेला सूर्य आता दिवसभर दक्षिणेच्या बाजूने जातो. बाल्कनीत कुंड्या ठेवणाऱ्याला हे आकडे उपयोगी आहेत. वरच्या मजल्याचा स्लॅब २.७ मीटर उंच आहे असं धरा. दक्षिणेकडच्या बाल्कनीत भर दुपारी ऊन सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जेमतेम ९० सेंटिमीटर आत येतं, ऑक्टोबरच्या मध्यावर सुमारे १४० सेंटिमीटर, आणि नोव्हेंबरच्या मध्यावर दोन मीटर. कठडा भरीव असेल तर त्याच्या बुडाशी सावलीची पट्टी राहते, त्यामुळे तिथली कुंडी स्टुलावर चढवावी लागते. थोडक्यात, मे-जूनमध्ये उजेडाअभावी फोटोला निरुपयोगी असलेली दक्षिणेची बाल्कनी ऑक्टोबरपासून घरातली सर्वांत चांगली जागा होते. उत्तरेकडच्या बाल्कनीत या काळात थेट ऊन येतच नाही. पांढरी आणि फिकी फुलं, म्हणजे तगर, मोगऱ्याचा उशिराचा बहर, ऑर्किड, यांच्यासाठी तिथला सौम्य उजेड दिवसभर चालतो.

सूर्य ३० अंशांच्या खाली असेपर्यंत उजेडाला बाजू असते. पाकळीची घडी, पानाची शीर, देठावरची लव हे सगळं तेव्हाच उठून दिसतं. सप्टेंबरच्या अखेरीस ही वेळ सकाळी साधारण साडेआठपर्यंत आणि दुपारी सव्वाचारनंतर असते. ऑक्टोबरच्या मध्यावर दोन्हीकडे दहा-पंधरा मिनिटं वाढतात. मधल्या वेळेतलं ऑक्टोबरचं ऊन भगभगीत असतं. पावसाने हवा धुतलेली असते, आकाशात ढग नसतो, त्यामुळे सावली काळीकुट्ट आणि प्रकाशित भाग पांढराफटक होतो. पावसाळ्यात ढग तुमच्यासाठी पडदा धरून उभे होते. आता तो पडदा तुम्हालाच धरायचा आहे.

त्याला खर्च जवळपास नाही. साधारण ६० बाय ६० सेंटिमीटरच्या चौकटीवर बटर पेपर किंवा धुऊन मऊ झालेलं पांढरं मलमल ताणून लावा. फुलापासून ३० ते ५० सेंटिमीटर अंतरावर, सूर्य आणि फूल यांच्या मध्ये ते धरा. जितकं जवळ, तितकी सावलीची कड मऊ. यात एक ते दीड स्टॉप उजेड कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), त्यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता, १०० वरून २०० किंवा ४०० वर न्या. कापड पांढरंशुभ्रच हवं. जुनाट पिवळट पंचा घेतला तर फोटोवर पिवळी झाक येते आणि नंतर ती काढताना हिरवा बिघडतो. दुसऱ्या बाजूने थर्माकोलचा तुकडा धरला की सावलीतल्या पाकळ्या उजळतात. चकचकीत फॉइल मात्र टाळा. त्याचे कवडसे फुलावर ठिपक्यांसारखे पडतात.

झेंडू सपाट का होतो

दसऱ्याच्या आधी हा प्रश्न हमखास येतो. भगव्या झेंडूकडून येणारा उजेड मुख्यतः लाल आहे, थोडा हिरवा, निळा जवळजवळ नाही. कॅमेऱ्याचं मीटर साधारण उजळपणा मोजतं. कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा उजेड वेगवेगळ्या चॅनलमध्ये नोंदतो. सगळं ठीक आहे असं मीटर सांगतं तेव्हा लाल चॅनल कधीच काठोकाठ भरून सांडलेला असतो. पाकळीच्या टोकाचा लाल आणि बुंध्याचा लाल दोन्ही एकाच कमाल आकड्यावर अडकतात, मग चुण्या दिसणार कशा? फोटो नंतर गडद केला तरी चुण्या परत येत नाहीत, फक्त डाग गडद होतो.

उपाय क्रमाने करा. आधी कॅमेऱ्यातला ‘व्हिव्हिड’ किंवा ‘लँडस्केप’ रंगप्रकार बंद करून ‘न्यूट्रल’ किंवा ‘स्टँडर्ड’ ठेवा. मग एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो एकूण गडद-उजळ करण्याची सोय) उणे ०.७ वर न्या आणि फोटो काढून हिस्टोग्राम, म्हणजे उजळपणाचा आलेख, बघा. एकच पांढरा हिस्टोग्राम उपयोगाचा नाही, लाल-हिरवा-निळा वेगवेगळे दाखवणारा उघडा. लाल आलेख उजव्या भिंतीला चिकटलेला असेल तर उणे १, गरज पडली तर उणे १.३. शक्य असेल तर रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न झालेली मूळ नोंद) काढा, कारण तिथे लाल चॅनलमध्ये थोडी जागा शिल्लक असते. लाल जास्वंद, कर्दळ, लाल सालव्हिया यांनाही हेच लागू. गंमत म्हणजे पिवळा झेंडू इतका त्रास देत नाही, कारण त्याचा उजेड लाल आणि हिरव्या चॅनलमध्ये वाटला जातो.

पांढऱ्या फुलांबद्दल एक अर्धवट सल्ला सर्रास दिला जातो: ‘पांढरं असेल तर एक्स्पोजर वाढवा’. फूल चौकट भरून असेल तर ते बरोबर आहे, अधिक ०.७ द्या. पण गर्द हिरव्या झुडपात एकच तगरीचं फूल असेल तर मीटर झुडपाकडे बघून उजेड वाढवतं आणि फूल जळतं. तिथे उणे ०.७ ते उणे १ लागतं. चौकटीत पांढऱ्याचा वाटा किती, एवढंच बघायचं.

हिरवं अंगावर येतं त्यालाही कारण आहे. पावसानंतरची कोवळी पानं मुळातच पिवळसर हिरवी असतात, त्यात ओल्या किंवा गुळगुळीत पानावर आकाशाची चकाकी पडते. चकाकीमुळे पान निळसर-पांढरं दिसतं, म्हणून आपण नंतर सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) वाढवतो आणि उरलेलं हिरवं भडक होतं. चकाकीच काढली तर सॅच्युरेशनला हात लावावा लागत नाही. त्यासाठी सर्क्युलर पोलरायझर फिल्टर लागतो. तो फिरवत जा, पानावरची चमक मावळली की थांबा. दीड ते दोन स्टॉप उजेड जातो, तेवढा हिशेब धरा. मोबाइलवरही तोच फिल्टर लेन्ससमोर हाताने धरून चालतो. अळूच्या पानावरचे थेंब टिपताना मात्र पोलरायझर अर्ध्यावरच ठेवा. पूर्ण फिरवला तर थेंबातली चमक बरीच जाते आणि थेंब मेल्यासारखे दिसतात.

नंतरच्या संपादनात एकूण सॅच्युरेशनची पट्टी विसरून जा. हिरव्याची स्वतंत्र पट्टी घेऊन सॅच्युरेशन उणे १० ते उणे १५, आणि ह्यू (रंगछटा) किंचित पिवळ्यापासून दूर. एवढं पुरतं.

जवळून काढताना

१८-५५ ही लेन्स कमी लेखली जाते. ५५ वर ठेवून ती साधारण २५ सेंटिमीटरपर्यंत फोकस करते. हे अंतर लेन्सच्या तोंडापासून नाही, कॅमेऱ्यातल्या सेन्सरपासून मोजतात, त्यामुळे प्रत्यक्षात फूल लेन्सच्या अगदी पुढ्यात येतं. एवढ्या जवळ एफ ८ वर (एफ आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान) फोकसमध्ये राहणारी जाडी सुमारे ३ मिलिमीटर असते, एफ ११ वर साडेचारच्या आसपास. झिनियाचं फूल दोन-तीन सेंटिमीटर खोल असतं, म्हणजे सगळं फूल स्पष्ट येणार नाहीच. एफ १६ किंवा एफ २२ वर जाऊन उपयोग नाही: इतक्या जवळून डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे, सगळाच फोटो मऊ पडतो. एफ ८ ते एफ ११ मध्ये राहा आणि कोणता भाग स्पष्ट हवा ते ठरवून कॅमेरा त्या भागाला समांतर धरा.

झिनिया, अस्टर यांसारखी चपटी फुलं समोरून, सेन्सर फुलाच्या तोंडाला समांतर ठेवून. जास्वंद समोरून काढली की पुंकेसरांची दांडी थेट लेन्सकडे येते आणि तिचं टोक सोडून बाकी सगळं धूसर होतं. ती बाजूने काढा, दांडी पूर्ण लांबीभर फोकसमध्ये येते. कृष्णकमळ बरोबर वरून. शेवंतीला ४५ अंशांतून बघून पुढच्या पाकळ्यांच्या कडेवर फोकस. शेवंतीला फुलायला लांब रात्र लागते, म्हणून कळ्या ऑक्टोबरात धरतात. गच्चीवर रात्रभर दिवा चालू असेल तर कळ्या धरणं लांबतं, फोटोचं वेळापत्रकही.

जवळच्या फोटोतला सर्वांत मोठा शत्रू वारा. डोळ्याला न जाणवणारी डुलणीही तीन मिलिमीटरपेक्षा मोठी असते. शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू नको, वारं असेल तर १/५००. आयएसओ ८०० पर्यंत बिनधास्त जा. बांबूची काडी कुंडीत रोवून देठ कपड्याच्या चिमट्याने हलकेच तिला अडकवा, चिमटा चौकटीबाहेर राहील असा. ऑटोफोकस बंद करून अंतर ठरवा, मग कॅमेरा स्वतः किंचित पुढे-मागे झुकवत पाच-सहा फोटोंची सलग फैर मारा. त्यातला एक-दोन नेमके येतात.

पार्श्वभूमी ही गच्चीवरची खरी अडचण: पाण्याची टाकी, दोरीवरचे कपडे, समोरची इमारत. एफ ५.६ वर धूसर केली तरी टाकीचा काळा चौकोन चौकोनच राहतो. कुंडी उचलून अशी ठेवा की फुलावर ऊन आणि मागे किमान एक मीटरवर सावलीतली भिंत किंवा झाडी येईल. उन्हातल्या फुलाला एक्स्पोजर बरोबर केलं की सावली आपोआप काळपट होते. काळा कार्डबोर्ड लावून तेच करता येतं, पण त्यात फुलाच्या कडेला कापून चिकटवल्यासारखा भाव येतो. सावलीची पार्श्वभूमी केव्हाही बरी.

गुलाबाबद्दल एक आठवण. त्याची छाटणी साधारण ऑक्टोबरच्या पूर्वार्धात होते. त्याआधीचे उंच, सैल वाढलेले फांदोरे आणि शेवटची फुलं टिपून घ्या, छाटणीनंतर दीड-दोन महिने झाडावर बघण्यासारखं फार नसतं.

प्राजक्ताला वेगळी शिस्त लागते. फुलं रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. नऊ वाजेपर्यंत पाकळ्या मलूल होऊन कडा पारदर्शक व्हायला लागतात. उजाडल्यावर, ऊन यायच्या आत काढा. त्या वेळच्या उजेडात निळसर झाक असते आणि पांढऱ्या पाकळ्या थंड दिसतात. व्हाइट बॅलन्स (फोटोची थंड-उबदार झाक ठरवणारी सेटिंग) ‘शेड’वर, म्हणजे ७,००० केल्विनच्या आसपास, ठेवा. ऑटोवर सोडला तर देठाचा केशरी रंग बघून कॅमेरा फोटो आणखी निळा करू शकतो. दोनच कोन खरे उपयोगी आहेत. एक बरोबर वरून, जमिनीला समांतर, एफ ५.६ वर. दुसरा कॅमेरा जमिनीवर टेकवून, ज्यात केशरी देठ वर केलेली उलटी फुलं दिसतात. फुलं मांडून रांगोळी करू नका, पडलेल्या फुलांची विखुरण्याची एक पद्धत असते आणि हाताने ती साधत नाही. फवाऱ्याने पाणी मारून दव करण्याबद्दलही माझं मत तेच. खरे दवबिंदू बारीक आणि जवळजवळ एकसारखे असतात, फवाऱ्याचे लहान-मोठे, ओघळलेले. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात निरभ्र रात्री सुरू झाल्या की सकाळी गवतावर आणि कोळ्याच्या जाळ्यावर खरं दव मिळतंच. सूर्याकडे तोंड करून, लेन्सवर हूड किंवा हाताची सावली धरून जाळं काढा, प्रत्येक थेंब उजळतो.

मोबाइल

आधी लेन्स पुसा. हे विनोदाने लिहिलेलं नाही: ओलाव्याच्या दिवसांत बोटाचा तेलकट पट्टा लेन्सवर असतो आणि फोटो दुधाळ होतो.

मुख्य कॅमेरा फुलाच्या अगदी जवळ नेला की पुढची पाकळी फुगलेली आणि मागचा भाग चिमुकला दिसतो. त्याऐवजी ४०-५० सेंटिमीटर मागे जाऊन दुप्पट किंवा तिप्पट झूम वापरा. बऱ्याच फोनमध्ये फार जवळ गेलं की टेलिफोटो लेन्स गुपचूप सोडून मुख्य कॅमेऱ्याचाच कापलेला फोटो दिला जातो. तपासायला टेलिफोटो लेन्सवर बोट ठेवा: पडद्यावर काळोख आला नाही तर तुम्ही दुसऱ्याच लेन्समधून बघताय. मॅक्रो मोड, म्हणजे अगदी जवळून काढण्याची सोय, बहुतेक फोनमध्ये रुंद लेन्सने चालतो, त्यात दोन-तीन सेंटिमीटरवर जावं लागतं आणि फोनची स्वतःचीच सावली फुलावर पडते. सूर्य बाजूला ठेवा, पाठीमागे नको. पोर्ट्रेट मोड (पार्श्वभूमी धूसर करणारा) झेंडूसारख्या भरीव फुलाला चालतो. कृष्णकमळाचे तंतू, वेलीचे ताणे मात्र तो सरळ कापून टाकतो. फुलावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग बाजूची पट्टी खाली ओढून पाकळ्यांचा तपशील दिसेपर्यंत गडद करा.

बागेतले पाहुणे

पाऊस ओसरल्यानंतरचे हे दिवस फुलपाखरांचे. कुंडीत लिंबू असेल तर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन अंडी घालायला येतातच. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू असलेलं ब्लू मॉरमॉनही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन, रुईवर प्लेन टायगर, कण्हेरीवर कॉमन क्रो. अळ्या दिसल्या म्हणून औषध मारू नका. लिंबाची पंधरा-वीस पानं गेली तर झाड मरत नाही.

सकाळी आठ ते साडेनऊ ही त्यांची पंख पसरून ऊन खाण्याची वेळ. तेव्हा ती उडायला नाखूश असतात. ५५-२५० लेन्स २५० वर, एफ ८, शटर १/५०० किंवा जास्त. लेन्सला एक मीटरच्या आसपास अंतर लागतं, तेवढ्या अंतरावर फुलपाखरू सहसा बिचकत नाही. पंख मिटलेले असतील तर सेन्सर पंखाला समांतर धरून बाजूने, उघडे असतील तर वरून. फोकस डोळ्यावर. तुमची सावली त्याच्यावर पडली की ते गेलंच.

कॉमन इव्हनिंग ब्राऊनसारख्या काही जातींत पावसाळी आणि कोरड्या ऋतूतलं रूप वेगळं असतं. पावसाळी पिढीच्या पंखांखाली डोळ्यांसारखे ठळक ठिपके असतात. कोरड्या दिवसांतल्या पिढीत ते पुसट होतात आणि पंख वाळक्या पानासारखे दिसतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा त्या बदलाचा काळ. एकाच बागेत दोन्ही रूपं टिपली तर ऋतू बदलल्याचा याहून नेमका पुरावा नाही.

कास आणि बाकी पठारं

कास साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून साधारण १,२०० मीटर उंचीवर आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या स्थळांना जागतिक वारसा मानलं, त्यात ते आहे. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर, त्यामुळे झाडोरा नाही आणि फुलं बोटभर-वीतभर उंचीची. फोटो फसण्याचं कारण याच उंचीत आहे. उभं राहून १८ वर काढलेल्या फोटोत तुम्ही गालिचा वरून बघता आणि दोन फुलांमधली रिकामी जागा दिसते. तुमचा डोळा मात्र पठारावर दूरवर तिरपा बघत असतो, तिथे फुलं एकामागे एक येऊन दाट होतात.

म्हणून ५५-२५० लावा. वाटेवर बसून कॅमेरा जमिनीपासून ३० ते ४० सेंटिमीटरवर आणा, १५० ते २०० च्या आसपास झूम ठेवा, एफ ८, आणि दहा-पंधरा मीटरवरच्या फुलांवर फोकस करा. ‘सीतेची आसवं’ या फुलांचा जांभळा पट्टा असा सलग दिसतो. पुढची फुलं धूसर राहतात, ते चांगलंच आहे. फूल, पठार आणि आकाश सगळं एका फोटोत हवं असेल तर १८ वर एफ ११ ठेवून दीड मीटरवर फोकस करा, पाऊण मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. कॅमेरा तरीही खालीच. फिरणारा स्क्रीन नसेल तर ‘लाइव्ह व्ह्यू’ (मागच्या पडद्यावर दृश्य) लावून मोबाइल आरशासारखा धरण्यापेक्षा अंदाजाने पाच-सहा फोटो काढणं सोपं.

वाट सोडून आत जाऊ नका. पातळ मातीतलं रोप चिरडलं की त्याचं बी धरत नाही, आणि पुढच्या वर्षी ती जागा रिकामी. ‘दवबिंदू’ नावाचं कीटक खाणारं रोपटं, गेंदाचे पांढरे गोळे, कवल्याची पिवळी फुलं वाटेच्या कडेलाच भरपूर असतात, १८-५५ तिथे वापरा.

बहर दर आठ-पंधरा दिवसांनी रंग बदलतो. सप्टेंबरच्या अखेरीकडे सोनकीचा पिवळा रंग वाढतो आणि तो पठारापुरता न राहता घाटाच्या उतारांवरही पसरतो. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, तेव्हा तिच्या भरवशावर सहल आखू नका. शनिवार-रविवार टाळा. गर्दीच्या काळात प्रवेश आगाऊ नोंदणीने होतो, निघण्याआधी वेळ पक्की करून घ्या. गर्दीचं वावडं असेल तर साताऱ्याजवळचं चाळकेवाडी किंवा पन्हाळ्याजवळचं मसाई पठार बघा. चाळकेवाडीच्या पवनचक्क्या काहींना फोटोत नको असतात. मला वाटतं सोनकीच्या पिवळ्या उतारावर त्या छान दिसतात.

धुकं असेल तर एक्स्पोजर अधिक ०.७ द्या, नाहीतर धुकं राखाडी दिसतं. भुरभुर पावसासाठी कॅमेऱ्यावर शॉवर कॅप चढवून लेन्सभोवती रबर बँड लावला की पुरतं. एसी गाडीतून थेट बाहेर पडलात तर लेन्सच्या काचेवर बाष्प धरतं. उतरायच्या वीस-तीस मिनिटं आधी एसी बंद करून काचा उघडा, किंवा कॅमेरा बंद बॅगेतच तेवढा वेळ राहू द्या.

फुलं संपली की लोक जायचं थांबतात, आणि आपला खरा शरदाचा रंग तेव्हा सुरू होतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून पठारावरचं आणि टेकड्यांवरचं गवत पिवळं, मग तांबूस होतं. मावळात, भोरकडे, कोकणात भात पिवळं पडतं: हळवं भात आधी कापलं जातं, गरवं मागाहून, त्यामुळे एकाच खोऱ्यात हिरवी, पिवळी आणि कापलेली खाचरं शेजारी-शेजारी दिसतात. हे संध्याकाळी साडेचारनंतर, सूर्य समोर किंवा तिरपा समोर ठेवून काढा. गवताची कणसं मागून उजळतात. सूर्य पाठीशी ठेवला तर तेच गवत मातकट दिसतं. परतीच्या पावसाचे दुपारनंतर चढणारे उंच ढग त्याच चौकटीत घेता आले तर सोन्याहून पिवळं. गडगडाट ऐकू आला की मात्र मोकळं पठार लगेच सोडा.

कोजागरीचा चंद्र आदल्या संध्याकाळी काढावा. पौर्णिमेला चंद्र साधारण सूर्यास्ताच्या वेळी उगवतो आणि तो वर येईपर्यंत जमीन काळी होते. आदल्या दिवशी तो पाऊण-एक तास आधी उगवतो, त्यामुळे डोंगर आणि चंद्र दोन्ही एका एक्स्पोजरमध्ये बसतात. अंधारात नुसता चंद्र हवा असेल तर एफ ११, आयएसओ १००, शटर १/१०० पासून सुरुवात करा. ५५ वर चंद्र सेन्सरवर अर्धा मिलिमीटरचा पडतो, २५० वर सव्वादोनचा. ‘चंद्र एवढासा आला’ याचं उत्तर या आकड्यात आहे.

लाल-केशरी पानंच हवी असतील तर काश्मीर. चिनार ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत रंगतात. श्रीनगरची नसीम बाग त्यासाठी निशात-शालिमार बागांपेक्षा शांत आहे, आणि पाम्पोरला केशराची फुलंही त्याच सुमाराला असतात. तिथे १ नोव्हेंबरला दुपारचा सूर्यही ४१-४२ अंशांवरच असतो, म्हणजे आपल्याकडची ‘दुपार टाळा’ ही अट बरीच सैल होते. झेंडूचा लाल चॅनलचा नियम चिनारालाही लावा.

लेन्स घ्यावी का

आत्ता नाही. पहिला खर्च ५५-२५० च्या मापाच्या चांगल्या पोलरायझरचा. १८-५५ चं माप तेच असेल किंवा वेगळं, लेन्सच्या झाकणामागे आकडा छापलेला असतो तो बघा. माप वेगळं असेल तर मोठ्या मापाचा फिल्टर आणि एक स्टेप-अप रिंग (लहान मापाच्या लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) पुरते. दुसरा खर्च एक्स्टेन्शन ट्यूबचा, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्या मध्ये बसणाऱ्या नळीचा. त्यात काच नसते, नुसतं अंतर वाढतं. २५ मिलिमीटरची ट्यूब ५५ वर लावली तर मोठं दिसण्यात सुमारे ०.४५ पटीची भर पडते, २५० वर फक्त ०.१ ची. म्हणजे ती १८-५५ च्या ५५ टोकासाठीच घ्या. १८ वर लावली तर फोकस लेन्सच्या आत पडतो आणि काहीच दिसत नाही. विद्युत संपर्क असलेलीच घ्या, त्याशिवाय बऱ्याच कॅमेऱ्यांवर एफ आकडा बदलता येत नाही. हे वर्षभर वापरून कमी पडलं तर ९० किंवा १०० मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सचा विचार करा.

त्याआधी आहेत त्या लेन्स वाचवा. पावसाळा संपला तरी कपाटात ओलावा असतो आणि बुरशी आत्ताच दिसायला लागते. लेन्स मोबाइलच्या टॉर्चसमोर तिरपी धरून आतून बघा: कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बाकीच्यांपासून वेगळी ठेवून दुरुस्तीला द्या. चांगल्या लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेल आणि छोट्या आर्द्रतामापकाबरोबर ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवून, पूर्ण थंड झाल्यावर परत वापरता येतं. कातडी पाऊचमध्ये लेन्स कायमची ठेवू नका, ओलावा तेच धरून ठेवतं.